चुंबकी सुरगाठ

सरकारी नोकरीत रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून जो लेखी खुलासा मागवण्यात आला, तो कागद गहाळ केल्याबद्दल नव्हता, की हिशेबात तफावत आढळल्याबद्दलही नव्हता. तो दप्तराच्या रुमालाला सुरगाठीऐवजी निरगाठ मारल्याबद्दल होता. जुनी कागदपत्रे कापडी रुमालात बांधून फडताळात रचून ठेवण्याचा शिरस्ता आपल्याकडे फार पुराणा, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातले हजारो रुमाल त्याची साक्ष आजही देतात; परंतु त्या शिरस्त्याचे सारे मर्म गाठीत साठवलेले असते हे मला ठाऊक नव्हते. गठ्ठा शिपायाच्या खांद्यावरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना त्यातून एक चिटोरेही सांडता कामा नये, आणि साहेबांनी तर्जनी उचलताच एका हिसक्यासरशी सबंध रुमाल उलगडला पाहिजे, अशी ती दुहेरी अपेक्षा. माझी गाठ सोडवण्यासाठी आमच्या शिरस्तेदारांनी प्रथम नखे, मग दात आणि अखेरीस कागदांना भोके पाडण्याचा टोच्या वापरून पाहिला. तेवढ्या अवधीत साहेबांनी चहा घेतला, सुनावणी तहकूब केली आणि ते दौऱ्यावर निघूनही गेले. “बांधता कुणालाही येतं,” दातांत अडकलेला कापडाचा धागा काढीत शिरस्तेदार म्हणाले, “वेळेला सुटेल असं बांधता येणं, ही खरी चाकरी.”

हे वाक्य पुढची तेहतीस वर्षे माझ्या कोणत्याही उपयोगी पडले नाही, कारण गाठी मारण्याचे काम त्याच दिवशी माझ्याकडून काढून घेण्यात आले. ते मला आठवले ते सेवानिवृत्तीनंतर, सदाशिव पेठेतल्या आमच्या बिऱ्हाडाच्या गॅलरीत उकिडवा बसून, चष्मा कपाळावर आणि दोन स्क्रू ओठांत अशा अवस्थेत, एका यंत्राच्या पोटाखालचे झाकण मी त्या दिवशी नवव्यांदा काढत असताना.

यंत्राची हकीकत थोडक्यात अशी. माझा एक भाचा भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, आणि निवृत्त माणसाने रिकामे बसू नये या विषयावर त्याची मते ठाम आहेत. माझ्या एकसष्टीला त्याने शाल-श्रीफळाऐवजी एक सीएनसी यंत्र आणून दिले: तीस सेंटिमीटर लांब आणि अठरा सेंटिमीटर रुंद एवढ्या जागेत, संगणक सांगेल त्या रेषेवर, फिरते पाते चालवून लाकूड कोरणारे. या जातीचा मूळपुरुष १९५२ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, लोकांना दाखवण्यात आला तेव्हा तो भोके पाडलेल्या कागदी फितीवरून हुकूम वाचत असे, आणि त्याचा मेंदू ज्या कपाटांत कोंबला होता ती यंत्राइतकीच जागा अडवून बसली होती. त्याचा हा वंशज आमच्या देवघराच्या चौरंगावर मावला असता. अर्थात तशी तजवीज मांडताच ती घरातून नामंजूर झाली आणि यंत्राची रवानगी गॅलरीत झाली.

सदाशिव पेठेत राहून हाती कोरण्याचे यंत्र आलेला माणूस त्यावर काय कोरील, याचा विचार करण्यास फारसा वेळ लागू नये. मी पाट्या कोरू लागलो. प्रथम स्वतःच्या दारावरची, मग जिन्यातली, मग ‘येथे वाहने लावू नयेत’ या सनातन विषयावरच्या दोन, आणि मग इमारतीतल्या व आळीतल्या लोकांच्या फर्माइशी सुरू झाल्या. मजकूर लोकांचा, परंतु त्यातले ऱ्हस्व-दीर्घ मी दुरुस्त करून देत असे, आणि ते मूळ मजकुराहून अधिक झोंबे, असा अनुभव आहे.

पाटी एम.डी.एफ.ची असते. एम.डी.एफ. म्हणजे लाकडाचे तंतू कृत्रिम डिंकात कालवून, दाबून केलेला तक्ता. त्यावर पाते फिरू लागले की तो तक्ता आपल्या पूर्वाश्रमीच्या अवस्थेत, म्हणजे धुळीत, परत जाण्याची घाई करतो. ही धूळ गव्हाच्या पिठाहून बारीक, आणि तिच्यात भटकण्याची वृत्ती विलक्षण. ती गॅलरीतून स्वयंपाकघरात गेली, पुस्तकांच्या कपाटात गेली, हार्मोनियमच्या भात्यात गेली. तरीही प्रकरण तोंडी समजुतीच्या पातळीवरच होते. परंतु चैत्रात सौभाग्यवतींनी त्याच गॅलरीच्या दुसऱ्या टोकास साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या, आणि संध्याकाळी त्या उचलताना प्रत्येकीवर तपकिरी धुळीचा तलम थर आढळून आला. रीतसर पंचनामा झाला. त्यातच आमच्या एका डॉक्टर नातेवाइकांनी अशी माहिती पुरवली, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ सालीच कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत, पहिल्या वर्गात, नेऊन बसवले आहे. माझ्यावर हुकूम बजावण्यात आला: धुळीचा बंदोबस्त करा, अन्यथा यंत्राचा.

यावर उपाय आहे आणि त्याला त्या धंद्यात ‘डस्ट शू’ म्हणतात. फिरत्या पात्याभोवती एक टोपीसारखे झाकण, त्याच्या खालच्या कडेला ब्रशच्या केसांची दाट झालर, आणि एका बाजूला तोटी. तोटीला व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडायची, म्हणजे उडालेली धूळ झालरीबाहेर पडण्याआधीच नळीत ओढली जाते. कल्पना निर्दोष आहे. नावात मात्र जोडा असल्यामुळे ‘जोडा घराबाहेर’ हा आमच्या घरचा नियम त्याला लागू होतो की नाही, यावर एक दुपार खर्ची पडली. अखेर सोयीसाठी आम्ही त्याला नुसते झाकण म्हणू लागलो.

पहिले झाकण चार स्क्रूंचे होते, आणि माझ्या दुर्दशेचे मूळ त्या चार स्क्रूंत आहे. एका पाटीला तीन पाती लागतात: मोठी जागा खरवडायला सपाट तोंडाचे, अक्षरे काढायला टोकदार, आणि शेवटी पाटी तक्त्यातून कापून काढायला तिसरे. पाते बदलायचे तर दोन पान्हे लावून वरची चिमटी सैल करावी लागते, आणि पान्हे आत शिरायचे तर झाकण बाजूला व्हावे लागते. म्हणजे प्रत्येक पात्याला चार स्क्रू काढणे आणि चार लावणे, तीन पात्यांचे चोवीस. आणि हे सर्व यंत्राखाली मान घालून, ज्या ठिकाणी डोळा जातो तिथे हात जात नाही आणि हात जातो तिथे डोळा पोचत नाही अशा ठिकाणी. त्यातला एखादा स्क्रू बोटांतून निसटला की तो गॅलरीच्या गजांतून बाहेर जाई, आणि खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तो दुसऱ्या दिवशी पाकिटात घालून, वर ‘आपला असावा’ एवढाच शेरा मारून, आमच्या दाराच्या फटीतून आत सरकवीत.

अशाच एका क्षणी, म्हणजे वर सांगितलेल्या नवव्या वेळी, शिरस्तेदारांचे वाक्य मला आठवले. मी निरगाठ मारत होतो.

एकदा ही दृष्टी आल्यावर घरातल्या यच्चयावत झाकणांकडे मी नव्याने पाहू लागलो, आणि असे दिसून आले, की आमच्या संसारात झाकणांच्या दोनच जाती नांदत आहेत. एक, जी लागतात पण सुटत नाहीत. आणि दुसरी, जी सुटतात पण लागत नाहीत. पहिल्या जातीचे शिरोमणी म्हणजे आमच्या आजोबांचा फिरकीचा तांब्या. तो काशीयात्रेस गंगोदक आणण्यासाठी गेला होता आणि आटे इतके घट्ट बसले, की त्यातले गंगोदक आमच्या तीन पिढ्यांनी हलवून ऐकले आहे, पाहिलेले कुणीच नाही. तुपाचा पत्र्याचा डबा त्याच कुळातला; तो चमच्याच्या दांड्याने उचकटावा लागतो आणि घरातले सगळे चमचे त्यापायी वाकलेले आहेत. दुसऱ्या जातीत स्टीलच्या डब्यांची झाकणे येतात. ती रात्री दोन वाजता कुणी हात न लावता फळीवरून खाली येतात. या दोन टोकांच्या मधोमध मला एकच सन्माननीय अपवाद आढळला, तो लोणच्याच्या बरणीचा दादरा. फडक्याने तोंड बांधून दोरीची सुरगाठ मारलेली ती बरणी वर्षभर मुंगीला दाद देत नाही, आणि पानावर पाहुणा बसताच एका हिसक्यात मोकळी होते. आमच्या शिरस्तेदारांना दादरा बांधणाऱ्या बायका कचेरीत नेमता आल्या असत्या तर त्यांनी नेमल्या असत्या.

परंतु गरगर फिरणाऱ्या यंत्राला दादरा बांधता येत नाही. सौभाग्यवतींनी तसे सुचवले होते, हे नोंदून ठेवतो.

चुंबकाची कल्पना नातवाच्या कंपासपेटीने दिली. तिचे झाकण जवळ नेले की उरलेले बोटभर अंतर ते आपण होऊन कापते, ‘टक्’ असा आवाज करते, आणि नखाने उचलताच विनातक्रार उघडते. मग लक्षात आले, की हीच गाठ आपल्या फ्रिजलाही आहे. लहानपणी दादरला आत्याकडे जो फ्रिज होता त्याला ट्रकच्या दारासारखा खटक्याचा दांडा होता, तो ओढल्याशिवाय दार उघडत नसे, आणि आतून तर उघडणे अशक्यच. टाकून दिलेल्या अशा फ्रिजांत लपाछपी खेळताना मुले अडकून गुदमरत. म्हणून अमेरिकेत १९५६ साली कायदा झाला, की दार आतून ढकलले तरी उघडलेच पाहिजे, आणि खटक्याच्या जागी रबरी पट्टीत दडवलेला चुंबक आला. जपानी लोकांनी तळणीच्या विजेच्या कढईची वायर चुंबकाने जोडली, कारण मुलाचा पाय वायरीत अडकला तर उकळते तेल त्याच्या अंगावर येण्यापेक्षा वायर सुटून आलेली बरी. आणि २००६ साली ॲपल कंपनीने तीच युक्ती आपल्या लॅपटॉपच्या वायरीला लावली. ही सगळी कुळी सुरगाठीची. मला हायसे वाटले. आपण चुकीच्या पायवाटेवर नाही, एवढेच नव्हे, तर पुढे बरेच लोक गेलेले आहेत, ही खात्री सरकारी माणसाला फार धीर देते.

चुंबकाची महती आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होती. ‘कुमारसंभवा’च्या दुसऱ्या सर्गात ब्रह्मदेव देवांना सल्ला देतो तो हाच, की अयस्कांताने लोखंड ओढावे तसे उमेच्या रूपाने शंकराचे समाधिस्थ मन ओढून घ्या. कालिदासाचा दृष्टांत अचूक आहे यात शंका नाही; परंतु ओढून घेतल्यानंतर सोडवायचे कसे, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. तो माझ्यापुढे होता.

बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास विजेच्या सामानाची जी दुकाने आहेत त्यांपैकी एकात मी गेलो आणि “चुंबक हवा,” म्हणून सांगितले. दुकानदाराने माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे पाहिले आणि विचारले, “कसला? स्पीकरचा काळा की नियोडिमियम?” नियोडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा हा चुंबक जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट या दोघांनी एकमेकांपासून दूर बसून, १९८०च्या दशकाच्या आरंभी जवळपास एकाच वेळी शोधून काढला. त्याच्या अंगी आकाराच्या मानाने एवढी ओढ असते, की पूर्वीचे काळे चुंबक त्याच्यापुढे सुट्टीवर असल्यासारखे वाटतात. त्याच्या प्रतीही असतात. ‘एन ३५’ पासून ‘एन ५२’ पर्यंत, वेतनश्रेणीसारख्या, आकडा चढला की सामर्थ्यही चढते आणि किंमतही. मी माझ्या निवृत्तिवेतनास शोभेल अशी खालची श्रेणी निवडली: दहा मिलिमीटर व्यासाचे, तीन मिलिमीटर जाडीचे, निकेलचा मुलामा दिलेले वीस चुंबक. “पाकिटात मोबाइलशेजारी ठेवू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका, आणि घड्याळापासून लांब,” दुकानदाराने बजावले. पहिल्या दोन सूचना मी पाळल्या.

घड्याळाचे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे खोळंबा नको. सहकाऱ्यांनी निरोपसमारंभात दिलेले चावीचे एच.एम.टी. घड्याळ मनगटावर ठेवूनच मी सगळी जुळवाजुळव केली. यांत्रिक घड्याळाच्या आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकत्व चढल्यावर स्वतःच्याच वेढ्यांना चिकटते, आखूड पडते आणि घड्याळ घाईला येते. त्या आठवड्यात मी ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभेस पाऊण तास आधी पोचलो. तेहतीस वर्षांच्या नोकरीत वेळेआधी कुठेही पोचण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग, आणि सतरंज्या घालण्याचे काम माझ्याकडे आले. घड्याळजीने एका तारेच्या कड्यातून घड्याळ काढताच त्याचे चुंबकत्व उतरले. माझी ख्याती मात्र अजून उतरलेली नाही, सतरंज्या मीच घालतो.

आराखडा असा ठरला. यंत्राच्या मोटरीच्या मानेभोवती एक कडे कायमचे आवळून बसवायचे, त्याच्या बुडाशी सहा चुंबक. खालच्या झाकणाच्या माथ्यावर त्यांच्यासमोर सहा चुंबक. झाकण जवळ नेले की लागेल, ओढले की सुटेल. ही दोन्ही अंगे भाच्याने संगणकावर आखली आणि भोसरीला त्यांच्याकडच्या थ्री-डी प्रिंटरवर प्लास्टिकची सूत्रे थरावर थर ओतून छापून आणली. पहिल्या आवृत्तीत चुंबक आपल्या घरात जाईनात. भोक दहा मिलिमीटरचे आखलेले, चुंबक दहा मिलिमीटरचा, मग तो आत का जाऊ नये, हे मला उमजेना. “मामा, छापताना भोक आकसतं,” भाचा म्हणाला, “त्याला भत्ता द्यावा लागतो.” किती? तर दोन दशांश मिलिमीटर. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता हे मी आयुष्यभर घेतले. भोकालाही भत्ता मिळतो, आणि तो विनाअर्ज मंजूर होतो, हे ज्ञान मला उतारवयात झाले.

दुसरी आवृत्ती भत्त्यासह छापून आली, परंतु ती आणताना भाच्याने मोटार वैशाखातल्या दुपारी दोन तास उन्हात उभी केली, आणि आमच्या हाती पडले ते झाकण नसून, मोहरमच्या मुखवट्यासारखे तोंड वाकडे केलेले काहीतरी होते. हे प्लास्टिक म्हणे मक्यासारख्या धान्याच्या पिष्टापासून बनवतात आणि साठेक अंशांच्या सुमारास ते मऊ पडते. “पिठाचंच ना?” सौभाग्यवती म्हणाल्या. “आमच्या कुरडया उन्हात कडक होतात.” यावर भाच्याजवळ किंवा माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिसरी आवृत्ती पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकच्या गोत्रातल्या, अधिक उष्णता सोसणाऱ्या मालाची करण्यात आली.

आता खरे नाट्य. चुंबकाला दोन तोंडे असतात, ती दिसायला सारखी, परंतु स्वभावाने उलट. समोरासमोर भिन्न तोंडे आली तर मिठी, एकच आले तर धुसफूस. मी लाल शाईने एका तोंडाला ‘आ’ आणि दुसऱ्याला ‘जा’ अशी खूण केली: आवक आणि जावक. वरच्या कड्यात सर्व आवक, खालच्या झाकणात सर्व जावक, म्हणजे टपाल बिनचूक पोचणार. डिंक म्हणून फेविक्विक घेतले. या जातीच्या डिंकाचे मूळ द्रव्य हॅरी कूव्हर या अमेरिकन रसायनज्ञाच्या हाती प्रथम १९४२ साली लागले, तेव्हा ते ज्याला त्याला चिकटते एवढ्या एका दोषापायी त्याने बाजूला सारले होते. ते बाजारात आले १९५८ साली, त्याच दोषास गुण म्हणून. असो. तीन चुंबक यथास्थित बसले. चौथ्याला डिंक लावला, भोकापाशी नेला आणि त्याच क्षणी, ज्या धुळीचा बंदोबस्त करण्यासाठी हा खटाटोप चालला होता तिच्यातलाच एक अवशिष्ट कण माझ्या नाकात गेला आणि मी शिंकलो. शिंक ओसरून डोळे उघडतो तो चुंबक बसलेला होता, डिंक वाळलेला होता, आणि वर तोंड करून माझ्याकडे पाहत होता तो ‘जा’.

उपटण्याचा प्रयत्न झाला. तापवून डिंक सोडवावा, तर साध्या प्रतीचे हे चुंबक ऐंशी अंशांच्या पुढे आपली ओढ गमावू लागतात. उचकटावा, तर ते काचेसारखे ठिसूळ. अखेर जी युक्ती कामी आली ती यंत्रशास्त्राची नसून महसूल खात्याची होती: चुकीची नोंद खोडायची नसते, तिच्याशी जुळेल अशी समोरची नोंद फिरवायची असते. खालच्या झाकणातला समोरचा चुंबक मात्र तोवर बसवून झालेला होता. तो काढताना फुटला, त्याच्या जागी नवा उलटा बसवला, आणि हिशेब जुळला. भाच्याने हे पाहिले आणि तो उगाच गंभीर झाला. “मामा, हे मुद्दाम केलंत?” त्याने विचारले. कारण असे, की सहांपैकी एकाच जोडीची दिशा उलट असल्यामुळे झाकण आता फक्त एकाच स्थितीत नीट बसत होते. फिरवून भलत्या जागी लावू गेल्यास दोन ठिकाणी उसळून ते मान वाकडी करी. नळीची तोटी नेहमी योग्य बाजूसच येणार. मोठमोठे आराखडेकार अशी योजना बुद्ध्याच करतात म्हणे. मी फक्त मान डोलावली. नोकरीत असताना बढत्या याच रीतीने मिळतात हे मी पाहिलेले आहे.

पहिली चाचणी घेतली. सहा चुंबक, प्रत्येकी दीडेक किलो वजन तोलणारा, म्हणजे कागदोपत्री नऊ किलोंचा बंदोबस्त. एवढ्याशा टोपीला तो डोईजड वाटावा असा. यंत्र सुरू झाले, व्हॅक्यूम क्लीनर गरजू लागला, पाते पाटीच्या डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे निघाले, नळीला किंचित ताण बसला, आणि झाकण कोणताही आवाज न करता, नव्या नवरीने पदर सावरावा तितक्या हळुवारपणे, आडवे सरकून निघाले आणि नळीबरोबर गॅलरीत लोंबू लागले. यंत्राला त्याचा पत्ताही नव्हता. ते धुळीचे फवारे उडवीत, हुकूम मिळालेला असल्यामुळे, ‘कृपया’तला ‘कृ’ कोरत राहिले.

चुंबकाचे हे मर्म दुकानदाराने सांगितले नव्हते. चुंबक सरळ ओढीला जितका कणखर, तितका बाजूच्या ढकलीला लेचापेचा. सरळ ओढताना त्याचे सर्व बळ आड येते, परंतु सरकवताना केवळ घर्षण विरोध करते, आणि गुळगुळीत निकेलवर ते सरळ बळाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपासच भरते. त्यात यंत्राची थरथर मिसळली की तेही उरत नाही. शिवाय दोन चुंबकांमध्ये धुळीचा किंवा वाळलेल्या डिंकाचा अर्धा मिलिमीटर थर राहिला, तरी पकडीचा मोठा वाटा नाहीसा होतो. मी असे अधिकारी पाहिले आहेत. समोरून येणाऱ्या दडपणापुढे अढळ, आणि बाजूने कुणी अलगद येऊन बसले की गार.

म्हणून चौथ्या आवृत्तीत कामाची वाटणी केली. कड्याला खाली दोन निमुळत्या खुंट्या काढल्या आणि झाकणाला त्यांच्यासाठी दोन खळगे. आडवा ताण येईल तो खुंट्यांनी सोसायचा, चुंबकांनी फक्त झाकण वर धरून ठेवायचे. वसुली तलाठ्याने करावी आणि राखण कोतवालाने, त्यातलाच प्रकार. खुंट्या निमुळत्या असल्यामुळे झाकण अंदाजाने जवळ नेले तरी ते आपले आपण जागा शोधते, आणि ‘खट्’ असे बसते. तो ‘खट्’ ऐकण्यासाठी मी त्या दिवशी ते तीसेक वेळा काढले आणि लावले. पाते एकदाही बदलले नाही.

लावणे असे साधले, काढणे राहिले. प्रथम मी दोन्ही हातांनी झाकण सरळ खाली ओढले. नऊ किलोंची ओढ ज्या क्षणी तुटते त्या क्षणी ती पूर्णपणे तुटते, हळूहळू सुटणे चुंबकाला ठाऊक नाही. माझ्या हातांतले बळ मात्र तसेच खाली निघाले होते, आणि बोटांची पेरे खालच्या पाटीवरच्या त्या अर्धवट कोरलेल्या ‘कृपया’वर आपटली. यावरचा तोडगा फ्रिजचे दार रोज दाखवत होते. दार आपण सबंध एकदम ओढत नाही, एका कडेने उघडतो. चुंबक एकामागून एक सुटतात आणि कुणालाच आपल्यावर अन्याय झाल्यासारखे वाटत नाही. झाकणाच्या उजव्या कडेला बोट घालण्यापुरता एक ओठ काढला. आता तर्जनीने तो ओठ खाली दाबला की झाकण तिरके होते आणि हातात येते. एक तर्जनी आणि एक हिसका. आमच्या साहेबांना दाखवायला हवे होते.

झाकण गेले तीन महिने चालू आहे. पापड्यांवर धूळ नाही. चोवीस स्क्रूंचे काम सहा सेकंदांवर आले, आणि त्यामुळे वाचलेल्या वेळात मी दोन्ही पान्हे शोधतो, कारण ते पूर्वी हाताशी असत. आता झाकण काढून खाली ठेवले, की जवळचा पान्हा उडी मारून त्याच्या माथ्याला चिकटतो आणि त्याखाली दडून बसतो. वीस चुंबकांचा ताळमेळ असा: झाकणात बारा, फुटलेला एक, शिल्लक चार; उरलेले तीन घरातून परस्पर ताब्यात घेण्यात आले असून त्यांच्याखाली फ्रिजच्या दारावर दूधवाल्याचा हिशेब, गॅसचा नंबर आणि माझ्या रक्तातल्या साखरेचा अहवाल लावलेला आहे.

शिल्लक चारांचे काय करावे हा विचार करताना माझ्या मनात आले, की एवढी सुघड वस्तू वापरण्याची रीत लोकांना समजली पाहिजे. घरात माझ्यावाचून तिला हात लावणारे कुणी नाही, हा मुद्दा पाटीच्या आड कधीच येत नसतो. तीन मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकची एक चिमुकली पट्टी घेतली आणि त्याच यंत्रावर, त्याच झाकणाखाली, सुबक अक्षरांत कोरले: ‘झाकण सरळ ओढू नये. उजवा ओठ दाबून तिरके करावे. सुटेल. न सुटल्यास चूक आपली.’ पट्टीच्या दोन्ही टोकांना आरपार भोके पाडून त्यांत दोन चुंबक, आणि झाकणाच्या दर्शनी बाजूस दोन. ‘आ’ आणि ‘जा’ नीट वाचून, शिंक येत नाही याची खात्री करून, डिंक लावला. तो वाळल्यावर पट्टी दोन्ही हातांनी, नारळ अर्पण करावा तशी, झाकणाजवळ नेली. बोटभर अंतरावर ती थबकली, थरथरली, आणि माझ्या हातांतून निसटून उलट्या दिशेला, थेट सौभाग्यवतींच्या निवडलेल्या मेथीत जाऊन पडली.

त्यांनी ती उचलली, दोन्ही बाजूंनी पाहिली, मेथीचे पान झटकले आणि म्हणाल्या, “अहो, पालथी लावून बघा.”

पट्टी तत्काळ, आज्ञाधारकपणे, ‘खट्’ करून बसली. मजकूर आत, झाकणाच्या अंगाला, आणि कोरी पाठ बाहेर, आमच्याकडे. डिंक पक्का वाळलेला असल्यामुळे ती तशीच आहे. गेल्या रविवारी भाचा आला, कौतुकाने गॅलरीत गेला, आणि मी काही सांगण्याच्या आत त्याने झाकण दोन्ही हातांनी धरून सरळ खाली ओढले. खाली नवी पाटी लावलेली होती. त्याची बोटेही ‘कृपया’वरच आपटली.